लाल उजेड आणि कावेची रेघ

हॉस्पिटलच्या बाकावर एखादी बाई पदर दोन बोटांत अंगापासून लांब धरून बसलेली दिसली, की मला राहवत नाही. मी सरकून जवळ जाते आणि विचारते, "नागीण झालीय का हो?" मग आमचं बोलणं सुरू होतं ते तिचं नाव पुकारेपर्यंत. आमच्या डॉक्टर शहाबाईंनी हे बघितलं असणार. एकदा म्हणाल्या, "शालनबेन, तू बाकावर जे बोलते ना, ते लिहून दे मला. मी सांगितलं तर बायका मान हलवतात नि घाबरलेल्याच राहतात. तुझं ऐकतात."

माझी शाळा सहावीतच सुटली. घरात धाकटी भावंडं होती, त्यांना कोणी सांभाळायचं? तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. पण दुखलं कसं आणि थांबलं कसं ते मला पक्कं आठवतं, तेवढं लिहिते.

उसण म्हणून सोडून दिलं

माहेर आणि सासर दोन्ही माझं देवगडकडचं. लग्न करून आले ती घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. आमचे हे आधी गिरणीत होते. संपानंतर विक्रोळीला एका वर्कशॉपात लेथवर लागले. खोली एक, पण दाराशी वारा चांगला. पाणी मात्र खालून आणायचं. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर, आणि घरी आलं की आमची मनी कडेवर. मनी तेव्हा आठ महिन्यांची होती.

तर डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. हे म्हणाले, "उसण भरली असेल, कळशी वाकडी धरतेस तू." बाम चोळला. दुसऱ्या दिवशी तिथं लालसर पुरळ. मी म्हटलं, बाम जास्त झाला, भाजलं. मग त्या पुरळाचे फोड झाले, मोहरीएवढे, घोसाघोसानं. तरी मी कळश्या आणतच होते.

शेजारच्या तावडेवहिनी माझ्या ब्लाऊजचं हूक लावायला म्हणून मागे आल्या आणि एकदम हात मागे घेतला.

"शालन, हात नको लावूस. अगं, ही नागीण आहे!"

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. नागीण एका जागेवरून निघते आणि अंगाला वेढा घालत जाते. ज्या दिवशी तिचं तोंड आणि शेपूट जुळतं, त्या दिवशी माणूस संपला. आमच्या वाडीतले एक म्हातारे असेच गेले म्हणून सांगत. मी वहिनींना विचारलं, "कुठपर्यंत आलीय?"

वहिनींनी वीत धरून बघितलं. "मणक्यापासून निघालीय. पुढे छातीखाली पोचलीय."

म्हणजे अर्धा वेढा झाला होता. मी खाली बसले ती तशीच बसून राहिले. मनी पायाशी रांगत होती, तिला उचलायचंसुद्धा सुचलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं एकच वाक्य ऐकू आलं

संध्याकाळी हे आले आणि तशीच मला घेऊन घाटकोपर पूर्वेला ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेले. मनी माझ्या मांडीवर. शहाबाई तेव्हा मला अनोळखी. पन्नाशीच्या, बारीक, कॉटनची साडी, बोलणं मराठीच पण गुजराती वळणाचं. त्यांनी नीट बघितलं आणि सांगायला लागल्या की लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा जंतू जात नाही, नसेत झोपून राहतो, आणि अंगात अशक्तपणा आला की कधीतरी जागा होतो. "यानं मरत नाही कोणी," असंही म्हणाल्या म्हणे. ह्यांनी मला नंतर सांगितलं. मी ऐकलंच नव्हतं. मी एवढंच विचारत होते, "डॉक्टर, माझ्या मुलीचं कोण करणार?"

त्यावर त्या जे बोलल्या ते मात्र ऐकू आलं.

"खपल्या पडेपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही. तिला कांजिण्या येतील."

मनी उजव्या बाजूला अंगावर पिता पिता झोपून गेली होती. मी तिला अंगावरून सोडवलं आणि ह्यांच्या हातात दिलं. बसमध्ये आम्ही लांब लांब बसलो. ह्यांनी तिला याआधी घराबाहेर कधी घेतलेलं नव्हतं. सबंध रस्ताभर ते तिला तुपाची बरणी धरल्यासारखे दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पडद्याच्या पलीकडे

गावाला तार केली. सासूबाई मिळेल त्या एसटीनं आल्या. येताना पिशवीत तांदूळ, कुळथाचं पीठ, आणि पदराच्या गाठीला काव. काव म्हणजे ती लाल माती, आपण तुळशीवृंदावनाला आणि उंबऱ्याला लावतो ती. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी मला पाठमोरी केली.

"बघू गो. खंय पोचली रांड?"

मग वाटीत काव कालवली आणि माझ्या पोटावर, बरोबर मधोमध, वरून खाली जाड रेघ ओढली. "आता हेच्या फुडे ये म्हणा तिका."

तुम्हाला हसू येईल. मला नाही आलं. त्या रेघेनं मला त्या दिवशी झोप लागली, एवढं मी सांगू शकते. सासूबाई तोंडाच्या फटकळ, पण माझं अंग पुसलं, माझ्या केसांच्या जटा सोडवल्या, भात मऊ करून घातला. खोलीच्या मधोमध जुनी साडी बांधून पडदा केला. अलीकडे मी, पलीकडे मनी आणि त्या. मनीला वरच्या दुधाची सवय नव्हती. माझा आवाज आला की ती रांगत पडद्यापाशी यायची, साडीखालून हात घालायची. सासूबाई तिचा पाय धरून मागे ओढायच्या आणि पुन्हा ती यायची. मी बोलायचंच बंद केलं. इकडे माझं अंग दुधानं दगडासारखं व्हायचं, आणि मग हळूहळू तेही आटलं.

बाकावर बायका हे विचारत नाहीत, पण मी सांगते. फोडांपेक्षा हे वाईट होतं.

जखम भरली, दुखणं राहिलं

खपल्या पडल्या. पडदा सोडला. तावडेवहिनींनी शिरा करून आणला. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण आग गेली नाही. कातडी वरून बरी दिसायची, नुसते काळपट डाग. आणि त्या डागांवर कपडा लागला तर निखारा लागल्यासारखं व्हायचं. जोरात दाबलं तर एवढं नाही, पण हलका स्पर्श, पदराचा, केसाचा, वाऱ्याचा, तो सहन व्हायचा नाही. मी ह्यांचं जुनं बनियन उलटं करून घालायची, शिवण अंगाला लागू नये म्हणून.

पडदा सोडला त्या पहिल्याच दिवशी मनी रांगत आली, मला धरून उभी राहायला लागली आणि तिनं नेमका डावीकडचा कपडा मुठीत पकडला. मी किंचाळले. आपोआप तोंडातून निघालं. तिचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि ती अशी काही रडली की श्वास धरला. त्यानंतर ती माझ्याकडे येईना. लांबून बघायची. मी हात पसरले की आजीच्या कुशीत तोंड लपवायची.

ह्यांचीही चिडचिड वाढली. दिवसभर लेथवर उभं राहून यायचं आणि घरात हे.

"अगं, जखम तर भरली. आता नक्की दुखतंय काय?"

"आतून जळतंय."

"आतून म्हणजे कुठं?"

"मला काय माहीत? मी काय आत जाऊन बघून आलेय?"

"मग मी करू काय ते तरी सांग ना! काम सोडून तुला वारा घालत बसू?"

"वारा नको हो, वारा लागला की जास्त जळतं."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. मीही हसले. हसल्यानं बरगडी हलली आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कळेना की दोघं हसतोय की रडतोय. "वाट लागलीय गं आपली," ते म्हणाले. पण त्या दिवसानंतर 'काय दुखतंय' असं त्यांनी विचारलं नाही. कपडे वाळत घालताना माझं बनियन तेच नीट झटकून घालायचे.

सासूबाईंना मृगाच्या आधी गावी पोचायचं होतं. पेरणी त्यांच्याशिवाय कोण करणार? एक दिवस भाकरी थापता थापता त्यांनी सांगून टाकलं.

"चेडवाक मी घेऊन जातंय. हय तुझेय हाल नि तेचेय हाल. तू बरी झालंस की हाडून सोडतंय."

मनीला गावी नेण्यात त्यांचा वाईट हेतू अजिबात नव्हता. पण आमच्याकडची निम्मी मुलं अशीच आजीकडे वाढलीत. एका पेरणीसाठी म्हणून जातात, मग शाळेत नाव घालतात, मग सुट्टीत आई आली की दाराआडून बघतात. गावात त्या आयांना एक नाव आहे, 'मुंबईची आई'. मला मुंबईची आई व्हायचं नव्हतं.

लेझरची खोली

मी शहाबाईंना हे सगळं सांगितलं. गोळ्या चालूच होत्या, त्यांनी गुंगी यायची, आग जायची नाही. त्यांनी पुन्हा एकदा डाग बघितले.

"आमच्याकडे नवीन मशीन आलंय. लेझरचं. बारीक उजेड असतो तो त्वचेवर देतात. जखमा भरायला, सांधेदुखीला, अशा नसेच्या दुखण्याला. काहींना गुण येतो, काहींना नाही. मी खोटं नाही सांगणार. करायचं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा पडला होता. "डॉक्टर, लेझरनं तर पत्रा कापतात! आमच्या वर्कशॉपात बोलत होते."

शहाबाई खळखळून हसल्या. "पत्रा कापणारा याचा मोठा भाऊ. हा घरातला सर्वांत गरीब. मुंगी पण नाही मरणार यानं. पण डोळ्यात नाही बघायचं, म्हणून चष्मा लावायचा."

खोली लहान होती, खिडक्यांना जाड पडदे. टेबलावर रेडिओएवढा डबा, त्याला वायर, आणि वायरच्या टोकाला पेनासारखी नळी. मला काळा चष्मा दिला. मी पालथी झोपले आणि हात घट्ट आवळून घेतले.

"हात लावू?" शहाबाईंनी विचारलं.

इतक्या दिवसांत माझ्या अंगाला किती जणांनी हात लावला असेल, आधी विचारलं कोणी नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी आधी पूर्ण पंजा हळूच दाबून टेकवला, कारण हलकं बोट लागलं तर जळतं हे त्यांना ठाऊक होतं. मग नळी एका जागी धरली.

मी वाट बघत होते. ऊन लागेल, चटका बसेल, मुंग्या येतील. काहीच नाही. डबा टुंग वाजला, नळी थोडी पुढे सरकली. पुन्हा टुंग. मान वळवून चष्म्यातून बघितलं तर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर जरासा लाल भास. बाहेर आल्यावर मला रडूच आलं. एवढ्या आशेनं आले आणि नुसती टिकलीएवढी लाल लाईट.

बाकावर गोवंडीच्या शेवंताबाई बसलेल्या असायच्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, तिच्यासाठी यायच्या. माणूस एकदम रोखठोक.

"काय गं, रडतीस कशाला? भाजलं?"

"नाही. काहीच लागलं नाही."

"मग त्यात काय रडायचं! आजवर जे जे औषध केलं ते झोंबलं. हे एकच झोंबत नाही. मी तर म्हणते, गुण येऊ न येऊ, तेवढा वेळ पाय वर करून निजायला मिळतं. घरी कोण देतंय?"

मी जात राहिले. एक दिवस बसमधून उतरून टेकडी चढत होते, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पदर डाव्या बाजूला चिकटलेला आहे आणि मी तो बोटांनी उचलून धरलेला नाही. तशीच थांबले. पदर अंगावर दाबून बघितला. जळत होतं, पण निखाऱ्यासारखं नाही, उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लागल्यासारखं. त्या पायऱ्यांवर उभी राहून मी देवाचं नाही, डॉक्टरबाईंचं नाव घेतलं.

जांभळे ठिपके

मग गडबड झाली. तोपर्यंत शहाबाई फक्त पाठीला आणि कुशीला उजेड देत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "आता जिथून नस जाते तिथून पूर्ण देऊ." पोटावर सासूबाईंची काव होती, ती त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. आणि जांभळ्या शाईच्या पेनानं मणक्यापासून थेट पुढे पोटाच्या मध्यापर्यंत अंतराअंतरानं ठिपके काढले. ठिपके पुसायचे नाहीत म्हणाल्या, पुढच्या वेळी त्याच जागा सापडायला हव्यात.

घरी आले. सासूबाई पाठ पुसायला आल्या. आधी मागे बघितलं. मग मला फिरवलं. आणि तोंडावर हात ठेवला.

"अगो! रेघ खंय गेली? आणि ह्या काय? मागसून फुडेपर्यंत वाट काढून दिल्यान तिका! त्या डाक्तरणीन नागिणीक वाट दाखवल्यान!"

मी खाली बघितलं. जांभळे ठिपके एकामागोमाग एक, जिथे रेघ होती तिथपर्यंत. खरंच एखादी नागीण मान काढून चाललीय असं दिसत होतं. डॉक्टरबाईंवर माझा जीव जडला होता, पण भीती त्याच्याही आधीची होती.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे पंचायत बसली.

"आये, ती शिकलेली बाई आहे, काय मारायला बसलीय का?"

"शिकलली असा, पण तिका नागीण झालली काय? तुझी बायल गेली तर ती येतली काय चेडवाक न्हाणूक?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "शालन, तू काय म्हणतेस?"

मी अंथरुणं घालायला उठले. आणि लेझरच्या पुढच्या पाळीला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सासूबाईंनी पुन्हा रेघ ओढली, या वेळी दोन पदरी.

आग परत आली. पहिल्यासारखी भडकलेली. मी बनियन उलटं करून कोपऱ्यात बसले, आणि समोर सासूबाई मनीची झबली घडी करून आपल्या पिशवीत भरत होत्या. मनी त्यांच्या खांद्याला धरून उभी. एकेक झबलं जात होतं तसतशी माझी भीती बदलत गेली. मरण्याची भीती होती तिथे दुसरीच आली, मी जगेन आणि ही मला ओळखणार नाही ही. ती मोठी होती.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. जे मला बोललात ते डॉक्टरबाईंना तोंडावर विचारा. तुमचं समाधान झालं नाही तर मनीला घेऊन जा. मी अडवणार नाही."

सासूबाईंनी हातातलं झबलं तसंच ठेवलं. "मी काय तिका भितंय? चल."

बांध

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या, मनी त्यांच्या कडेवर, आणि कमरेला कावेची पुडी. बाकावर शेवंताबाईंनी विचारलं, "पळून गेलतीस व्हय?" आत गेल्यावर सासूबाई बसल्यासुद्धा नाहीत.

"डाक्तरणीबाय, तुमी शिकललास. माका एक सांगा. नागिणीचा तोंड नि शेपटी जुळली तर माणूस ऱ्हवता काय?"

मला वाटलं आता शहाबाई हसणार किंवा रागावणार. मी आधीच जमिनीत गेले होते. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठून समोर आल्या.

"मावशी, माझी बा, म्हणजे आई, पण हेच म्हणायची. आमच्याकडे पण हेच म्हणतात."

"मगे?"

"मग मी डॉक्टर झाले तेव्हा पहिलं हेच बघितलं. जुळते का? इतक्या नागिणी बघितल्या, वेढा पुरा केलेली एक नाही सापडली. का ते दाखवू?"

त्यांनी मला पाठमोरी उभी केली. "शालनबेन, थोडं सोसशील?" मी टेबलाची कड धरली. त्यांनी सासूबाईंचा हात घेतला, अंगठा माझ्या मणक्यावर टेकवला. "आता डागांवरून चालत जा, मावशी. दाबून. हलकं नाही."

सासूबाईंचा अंगठा भाकरी थापून थापून खरखरीत झालेला. तो मणक्यावरून निघाला, कुशीवरून, बरगडीखालून पुढे आला. मी ओठ चावून धरला होता. पोटाच्या मध्यावर येऊन अंगठा थांबला.

"पुढे डाग आहे?"

"नाय."

"आता मणक्याच्या दुसऱ्या बाजूला बघा. उजवीकडे आहे?"

सासूबाईंनी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. "हयपण नाय."

"डावीकडची नस वेगळी, उजवीकडची वेगळी. दोघी मणक्यातून निघतात आणि पुढे मध्यावर येऊन संपतात. ही नागीण नसेतून चालते. जिथे नस संपली तिथे तिचा रस्ता संपला. मी ठिपके काढले ते त्याच रस्त्यावर, जिथे ती आधीच जाऊन आली. नवीन वाट नाही दिली तिला."

मनी त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती. मग त्यांनी माझ्या पोटावर मधोमध बोट ठेवलं.

"म्हंजे हय बांध असा. बांधाच्या पल्याडचा शेत दुसऱ्याचा."

"बस! तेच," शहाबाई म्हणाल्या. "मी कधीपासून हे समजावते लोकांना, एवढं सोपं नाही जमलं मला. बांध."

"मगे बांधार रेघ मारलंय तर चलात?"

मी डोळे मिटून घेतले. शहाबाईंनी मात्र थोडा विचार केला, खरोखरचा विचार.

"चालेल. पण ठिपक्यांवर नाही येऊ द्यायची. काव असली तर उजेड आत जात नाही. माझी लाईट बांधाच्या इकडे, तुमची काव बांधावर. कबूल?"

"कबूल."

मग औषधं ठेवायच्या स्टीलच्या वाटीत सासूबाईंनी काव कालवली. वाटी शहाबाईंनी धरली होती. एवढी शिकलेली डॉक्टर, बाहेर पेशंटची रांग, आणि ती वाटी धरून उभी. रेघ झाल्यावर त्यांनी सासूबाईंना काळा चष्मा दिला, स्वतः लावला, आणि डब्याचं बटण दाबलं. सासूबाई माझ्या डोक्याशी बसून बघत होत्या. प्रत्येक टुंगला पुटपुटायच्या, "गेली. गेली. गेली."

बाहेर शेवंताबाई वाट बघत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मावशे, उरलेली काव आण हिकडं, माझ्या पायालाबी मार. डाक्टरीण बाई हाय तवर घेऊ करून."

बाकावरच्या बायकांसाठी

त्यानंतर मी एकही पाळी चुकवली नाही. आग एकदम गेली नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, अशी गेली. कधी चांगला दिवस, कधी कपाळाला हात लावून बसायचं. मी शहाबाईंना विचारलं होतं, "हे लेझरनंच गेलं ना?" त्या म्हणाल्या, "लेझर, गोळ्या, दिवस. कोणी किती काम केलं ते मला छातीठोक नाही सांगता येत. पण तुझं गेलं ना?" असं बोलणारा डॉक्टर मी दुसरा बघितला नाही. म्हणून त्यांचं बाकीचं सगळं मला खरं वाटतं.

तेव्हा बायांनो, फोड दिसले की लगेच या, बाम चोळत बसू नका. लहान मूल असेल तर लांब ठेवा, जीव तुटला तरी. खपल्या पडल्यावर दुखतंय असं सांगायला लाजू नका, ते खोटं नसतं. आणि घरी कोणी काव लावत असेल, तर भांडू नका. तिला डॉक्टरकडे घेऊन या.

एसटीच्या थांब्यावर

सासूबाईंचं निघणं मृगाच्या अगदी तोंडावर आलं. मनीचं काय, हे घरात कोणी काढलं नाही. ह्यांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही. शब्द दिलेला होता आणि त्यांचं समाधान झालं की नाही, हे त्या बोलल्या नव्हत्या. थांब्यावर पोचलो तेव्हा मनी त्यांच्याच कडेवर होती. ह्यांनी पिशव्या गाडीच्या टपावर चढवल्या. कंडक्टरनं हाक दिली.

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"धर."

मी मनीला घेतलं आणि सवयीनं उजव्या कडेवर ठेवलं. इतके महिने तीच सवय.

"तशी नको. डाव्या कडेर घे. माका बघूंदे."

मी तिला डावीकडे घेतलं. ती जड झाली होती. आजी लांब झाली हे कळल्याबरोबर ती वाकली, दोन्ही हात आजीकडे केले आणि जोर लावून मागे टाच मारली. नेमकी बरगडीखाली. सासूबाई मनीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दुखला?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही.

"दुखलं."

त्यांचे हात मनीला परत घ्यायला पुढे आले.

"लाथ मारल्यावर दुखतं तेवढंच दुखलं, आई. जळलं नाही."

मनी अजून हात पसरून रडत होती. मी तिला सोडली नाही. ती आणखी एकदा टाच मारून मग दमली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. सासूबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं.

"मगे ठीक," त्या म्हणाल्या, आणि एकट्याच गाडीत चढल्या.